गर्भारपणातील लिम्फोमा : दोन जिवांचा उपचार

सातवा महिना लागलेला असतो. घरात डोहाळजेवणाची तयारी सुरू असते. अशा वेळी मानेच्या एका बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, म्हणून आठवडा-पंधरवडा तसाच जातो. थकवा असतो, पण तो तर या दिवसांत असतोच. रात्री घाम येतो, अंगाला खाज सुटते, जिना चढताना धाप लागते. त्याचेही कारण सर्वांना ठाऊक असल्यासारखे असते. गर्भारपणी लिम्फोमाचे निदान झालेल्या अनेक स्त्रियांच्या आजाराची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच असते.

पुढे गाठीचा अहवाल येतो आणि घरातले वातावरण पालटते. कर्करोग आणि गर्भारपण हे दोन शब्द एका वाक्यात ऐकण्याची कोणाचीच तयारी नसते. मग जुन्या चित्रपटांतील डॉक्टर शस्त्रक्रियागृहाबाहेर येऊन जो प्रश्न विचारत, तोच प्रश्न घरात विचारला जातो : आई वाचवायची की बाळ? लिम्फोमाच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. गेल्या चार-पाच दशकांच्या अनुभवातून वैद्यकशास्त्र या निष्कर्षाला आले आहे की, योग्य वेळी निदान झाले आणि कर्करोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून उपचार आखले, तर आईवर उपचार आणि बाळाचा सुखरूप जन्म या दोन्ही गोष्टी बहुधा साधतात. काही वेळा मात्र खरोखरच कठीण निवड करावी लागते. असे प्रसंग कोणते, हेही समजून घेतले पाहिजे.

लिम्फोमा म्हणजे काय?

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचेही जाळे असते. या वाहिन्यांच्या वाटेवर मान, काख, जांघ, छाती आणि पोट अशा ठिकाणी शेकडो लहान-लहान ग्रंथी असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या लसीकापेशी तेथे वस्तीला असतात. या पेशींपैकी एखादी बिघडते, बेसुमार वाढू लागते आणि ग्रंथींना सूज येते. लसीकापेशींच्या या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली ज्या आजाराचे वर्णन केले, तो हॉजकिन लिम्फोमा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या विशिष्ट मोठ्या पेशींवरून तो ओळखला जातो. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेतील डॉ. डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये केलेल्या वर्णनांमुळे त्या पेशींना या दोघांची नावे मिळाली. उरलेले सर्व लिम्फोमा नॉन-हॉजकिन या नावाखाली येतात. त्यांचे अनेक पोटप्रकार आहेत. काही वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, तर काही आठवड्यांत उग्र रूप धारण करतात.

साधारणपणे हजार गर्भारपणांत एकदा कोणता ना कोणता कर्करोग आढळतो. रक्त आणि लसीकासंस्थेच्या कर्करोगांपैकी या काळात सर्वाधिक दिसतो तो हॉजकिन लिम्फोमा. गर्भारपणामुळे तो होतो असे नाही. हा आजार विशीत आणि तिशीत अधिक प्रमाणात होतो आणि मूल होण्याचे वयही तेच असते. शहरांत पहिले मूल होण्याचे वय पुढे सरकत आहे. त्यामुळे एकूणच गर्भारपणी कर्करोग आढळण्याचे प्रसंग वाढत आहेत.

निदानाला उशीर का होतो?

लिम्फोमाची लक्षणे आणि गर्भारपणातील नेहमीच्या तक्रारी यांत विलक्षण साम्य आहे. थकवा, धाप, घाम आणि खाज या तक्रारी दोन्हींत आढळतात. लिम्फोमात वजन घटते, पण वाढत्या पोटाबरोबर वजन वाढत असल्याने ती घट काट्यावर दिसत नाही. रक्ताच्या तपासण्याही फसव्या ठरतात. ईएसआर हा आकडा गर्भारपणी एरवीही वाढतो, हिमोग्लोबिन थोडे उतरते आणि अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे चढते. त्यामुळे एरवी धोक्याची सूचना देणारे आकडे या काळात कोणाचे लक्ष वेधून घेत नाहीत.

भारतात याला आणखी एक पदर आहे, तो क्षयाचा. मानेतील गाठींना मराठीत पूर्वापार गंडमाळ म्हणतात आणि तिचे सर्वपरिचित कारण ग्रंथींचा क्षय हे आहे. क्षयरोग आपल्याकडे इतका पसरलेला आहे की, तरुण स्त्रीच्या मानेत गाठ, संध्याकाळी बारीक ताप आणि घटलेली भूक दिसली, की पहिला संशय क्षयाचा येणे स्वाभाविक आहे. अडचण पुढे येते. केवळ संशयावरून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, गाठ तशीच राहते किंवा वाढते आणि मग तपासणीचा विचार होतो. गर्भारपणातील दोन-तीन महिने म्हणजे एक संपूर्ण तिमाही. ती हातची गेली की, उपचारांचे नियोजन अवघड होते.

उशिराचे तिसरे कारण आपल्या रीतीत आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, डॉक्टर बदलतात, फाइल अर्धवट पोहोचते. 'गाठ दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू' असे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेले असते. दुसऱ्या डॉक्टरांना ते ठाऊकच नसते.

बायॉप्सीला घाबरण्याचे कारण नाही

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी, वाढत जाणारी, रबरासारखी लागणारी आणि न दुखणारी गाठ असेल, तर तिची तपासणी प्रसूतीपर्यंत लांबणीवर टाकू नये. अनेकदा प्रथम सुई टोचून पेशी काढल्या जातात. त्यातून क्षयाचे निदान होऊ शकते. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला मात्र ही तपासणी सहसा पुरेशी पडत नाही. त्यासाठी संपूर्ण गाठ, निदान तिचा मोठा तुकडा काढून तपासावा लागतो. मान, काख किंवा जांघेतील गाठ जागेवरची भूल देऊन काढता येते. ही लहानशी शस्त्रक्रिया गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात सुरक्षित मानली जाते.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. निदान होण्यापूर्वी केवळ सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देऊ नयेत. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळू शकते आणि नंतर काढलेल्या तुकड्यातून काहीच उलगडा होत नाही.

आजार किती पसरला आहे, हे ठरवण्याला टप्पा ठरवणे म्हणतात. एरवी त्यासाठी पेट-सीटी स्कॅन हा पहिला मार्ग असतो. पोटात बाळ असताना किरणोत्सर्ग टाळायचा असल्याने तो बाजूला ठेवला जातो. त्याऐवजी छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि एमआरआय यांवर काम भागवले जाते. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य मात्र एमआरआयसाठी टोचले जात नाही. एक्स-रेचे नाव ऐकून अनेक घरांत घबराट होते. वस्तुस्थिती अशी आहे की, छातीच्या एका एक्स-रेमधून गर्भाला पोहोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेहूनही कमी असते. ५० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होत असल्याचे आढळलेले नाही. छातीत मोठी गाठ असलेल्या स्त्रीचा एक्स-रे टाळणे हेच अधिक धोक्याचे ठरू शकते. अशी गाठ श्वासनलिकेवर दाब देते. उताणे झोपल्यावर धाप वाढते आणि पुढे सिझेरियनच्या वेळी पूर्ण भूल देताना गंभीर अडचण उद्भवू शकते.

कॅलेंडर पाहून ठरणारा उपचार

उपचार ठरवताना डॉक्टर तीन प्रश्न विचारतात. लिम्फोमा कोणत्या प्रकारचा आहे? त्याचा वेग आणि पसारा किती आहे? आणि बाळ किती आठवड्यांचे आहे? या तिसऱ्या प्रश्नामुळे सारा उपचार कॅलेंडरला बांधला जातो.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय आणि इतर अवयव घडत असतात. याच काळात केमोथेरपीची औषधे सर्वाधिक अपाय करू शकतात. एकाहून अधिक औषधे एकत्र दिली गेल्यास बाळात व्यंग निर्माण होण्याचे प्रमाण सुमारे १० ते २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून पहिल्या तिमाहीत शक्यतो केमोथेरपी दिली जात नाही. हॉजकिन लिम्फोमा अनेकदा संथ असतो. लक्षणे सौम्य असतील, तर डॉक्टर बारीक लक्ष ठेवून दुसरी तिमाही लागण्याची वाट पाहतात. तक्रारी वाढल्या, तर काही आठवडे निभावून नेण्यासाठी स्टिरॉइड किंवा विनब्लास्टिन हे एकच औषध वापरले जाते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत चित्र बदलते. अवयवांची घडण झालेली असते, उरते ती वाढ. वार ही आई आणि बाळ यांच्यामधील अर्धवट चाळणीसारखे काम करते. काही औषधे थोड्या प्रमाणात तिच्यातून पलीकडे जातात, पण आईच्या रक्तातील संपूर्ण मात्रा बाळापर्यंत पोहोचत नाही. या काळात केमोथेरपी घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये व्यंगाचे प्रमाण सर्वसाधारण बाळांइतकेच, म्हणजे शंभरात दोन-तीन एवढेच असल्याचे दिसून आले आहे.

हॉजकिन लिम्फोमासाठी या काळात प्रामुख्याने एबीव्हीडी ही पद्धत वापरली जाते. ॲड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन आणि डाकार्बाझिन या चार औषधांचा हा संच इटलीतील मिलान येथे डॉ. जियानी बोनाडोना यांनी १९७० च्या दशकात तयार केला. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून एक डोस दिला जातो आणि असे दोन डोस मिळून एक आवर्तन होते. प्राथमिक टप्प्यातील हॉजकिनचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण आधुनिक उपचारांनी बरे होतात. पसरलेल्या आजारातही बरे होणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. बोनाडोना यांच्या पद्धतीपूर्वी प्रचलित असलेल्या मॉप संचात प्रोकार्बाझिन आणि मस्टार्ड ही औषधे होती. गर्भाला आणि पुढील प्रजननक्षमतेलाही ती अधिक घातक ठरत. एबीव्हीडीने हे दोन्ही धोके बरेच कमी केले.

नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या उग्र प्रकारांत सहसा वाट पाहण्याची मुभा नसते. त्यांच्यासाठी चॉप हा औषधांचा संच आणि त्याच्या जोडीला रितुक्सिमॅब हे प्रतिपिंड दुसऱ्या तिमाहीपासून देता येते. रितुक्सिमॅब शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या बी प्रकारच्या लसीकापेशी कमी राहू शकतात. त्या पुढे आपोआप भरून येतात. आपल्याकडे जन्मल्यावर लगेच बीसीजीची लस टोचली जाते. रितुक्सिमॅब घेतलेल्या मातेच्या बाळाला अशी जिवंत जंतूंची लस देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाला उपचारांची माहिती देणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. याउलट संथ प्रकारच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमात अनेकदा प्रसूती होईपर्यंत काहीच औषध न देता नुसते लक्ष ठेवले जाते.

काही औषधे मात्र या काळात निषिद्ध आहेत. मेथोट्रेक्सेट त्यांत पहिले. हॉजकिनवर अलीकडच्या काळात आलेली ब्रेंटुक्सिमॅब, निव्होलुमॅब यांसारखी औषधेही गर्भारपणी टाळली जातात. किरणोपचारही शक्यतो प्रसूतीनंतरच केले जातात.

शेवटचे आठवडे आणि प्रसूती

समजा, चोविसाव्या आठवड्यात निदान पक्के झाले आणि लगेच एबीव्हीडी सुरू झाले. पंधरा दिवसांच्या अंतराने चौतिसाव्या आठवड्यापर्यंत सहा डोस, म्हणजे तीन आवर्तने पूर्ण होतात. त्यानंतर उपचार थांबवले जातात. पस्तिसाव्या आठवड्यानंतर सहसा नवा डोस दिला जात नाही, कारण प्रसूती आणि शेवटचा डोस यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर हवे असते. डोसानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी आईच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्याच वेळी प्रसूती झाली, तर जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांचा धोका वाढतो. बाळाच्या पेशीही घटलेल्या असू शकतात. शिवाय पोटात असताना बाळाच्या शरीरातील औषध वारेवाटे बाहेर पडत असते. जन्मानंतर ते काम त्याच्या कोवळ्या यकृताला आणि मूत्रपिंडांना करावे लागते.

या संपूर्ण काळात दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहिली जाते. आईच्या रक्तपेशी प्रत्येक डोसापूर्वी तपासल्या जातात. ॲड्रियामायसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आईची इकोकार्डिओग्राफी केली जाते. औषधाची मात्रा तिच्या वाढत्या वजनानुसार ठरते. बाळाच्या काळजीने मात्रा कमी करणे योग्य समजले जात नाही. अपुऱ्या मात्रेमुळे आईच्या बरे होण्याची शक्यता घटते आणि बाळाचा फारसा लाभही होत नाही. कर्करोग आणि गर्भारपण या दोन्ही अवस्थांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे काही स्त्रियांना हेपॅरिनची इंजेक्शने घ्यावी लागतात.

प्रसूती शक्यतो सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर व्हावी, असा प्रयत्न असतो. लिम्फोमा आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करावे लागत नाही. नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. आईचा लिम्फोमा बाळाला होण्याचे प्रसंग जगभरात अत्यंत विरळ आहेत. तरीही खबरदारी म्हणून वार तपासणीसाठी पाठवली जाते.

प्रसूतीनंतर पेट-सीटी करून पुढील उपचार ठरतात. उरलेली आवर्तने दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येतात. केमोथेरपी सुरू असताना स्तनपान देता येत नाही. आपल्या घरांत हा विषय आईसाठी सर्वाधिक क्लेशदायक ठरतो. बाळाला वरचे दूध का, असा प्रश्न भेटीला येणारी प्रत्येक व्यक्ती विचारते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदूध पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांतील दूध प्रामुख्याने कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी राखलेले असते. बाळ वेळेआधी जन्मले असेल, तर त्याविषयी विचारणा करायला हरकत नाही. एरवी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेल्या वरच्या दुधावर बाळ उत्तम वाढते.

ही मुले पुढे कशी वाढतात?

प्रत्येक आईच्या मनातील पहिला प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर देणारे अभ्यास आज उपलब्ध आहेत. मेक्सिकोतील डॉ. आगुस्तिन आविलेस यांनी रक्त व लसीकासंस्थेच्या कर्करोगासाठी आईला गर्भारपणी केमोथेरपी दिली गेली होती, अशा ८४ मुलांचा दीर्घ पाठपुरावा केला. २००१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. यांतील कित्येक मुलांवर दीड तपाच्या आसपास लक्ष ठेवण्यात आले होते. त्यांची शारीरिक वाढ, शिक्षण आणि मज्जासंस्थेची स्थिती सर्वसामान्य आढळली.

बेल्जियममधील ल्युव्हेन येथील डॉ. फ्रेडरिक आमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. गर्भारपणी विविध कर्करोग झालेल्या मातांच्या १२९ मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना करण्यात आली. त्यांपैकी ९६ मुलांना पोटात असताना केमोथेरपीचा सामना करावा लागला होता. बौद्धिक विकास आणि हृदयाचे कार्य यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडत होता तो वेळेआधी जन्मल्यामुळे. जितके आठवडे आधी जन्म, तितका बौद्धिक चाचणीतील गुणांक कमी, असे दिसून आले.

या निष्कर्षाने उपचारांच्या विचाराला वेगळे वळण दिले. पूर्वी केमोथेरपीचा संपर्क टाळण्यासाठी बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यातच प्रसूती करवून घेण्याकडे कल असे. आता गर्भारपण पूर्ण होऊ देणे आणि त्या काळात आवश्यक ते औषध देणे, हेच बाळाच्या अधिक हिताचे समजले जाते.

आईच्या दृष्टीनेही आकडे आश्वासक आहेत. कॅनडातील टोरांटो येथे गर्भारपणी हॉजकिन झालेल्या ४८ स्त्रियांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे आयुर्मान त्याच वयाच्या, त्याच टप्प्यातील आजार असलेल्या इतर स्त्रियांइतकेच असल्याचे तीत आढळले. २०१९ साली 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आलेल्या १३४ गर्भवतींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानेही याला दुजोरा दिला. मात्र गर्भारपणी उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये प्रसूतीविषयक गुंतागुंत आणि कमी वजनाची बाळे यांचे प्रमाण अधिक असल्याचेही त्यात नोंदले गेले. म्हणजे हा मार्ग धोक्यापासून पूर्णपणे मुक्त नाही. अशी प्रसूती नवजात शिशूंसाठी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवी.

जेव्हा निवड अटळ असते

पहिल्या तिमाहीतच उग्र लिम्फोमाचे निदान झाले, श्वासनलिकेवर किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आला किंवा आजार मज्जासंस्थेपर्यंत पोहोचला, तर उपचार एक आठवडाही लांबवता येत नाहीत. अशा वेळी गर्भपाताचा पर्याय डॉक्टरांना समोर ठेवावा लागतो. गर्भपाताने लिम्फोमा बरा होत नाही. त्याने फक्त पूर्ण उपचार लगेच सुरू करण्याची वाट मोकळी होते. हा भेद कुटुंबाला नीट समजावून सांगितला गेला पाहिजे.

भारतातील १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका असल्यास २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक गटांतील स्त्रियांपुरतीच आहे. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आवश्यक असेल, तर आठवड्यांची ही मर्यादा आड येत नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती लागते ती तिची स्वतःची. पती, सासू-सासरे किंवा आईवडील यांच्या स्वाक्षरीची अट कायद्यात नाही. प्रत्यक्षात तपासणीच्या खोलीत सर्वांत कमी बोलते ती रुग्णच, असे चित्र अनेकदा दिसते. तिच्याशी एकटीशी बोलण्यासाठी डॉक्टरांनी वेळ काढणे, हाही उपचारांचाच भाग आहे.

निर्णय कोणताही झाला, तरी पुढील मातृत्वाचा मार्ग सहसा बंद होत नाही. एबीव्हीडीनंतर बहुतेक तरुण स्त्रियांची पाळी पूर्ववत होते. आजार उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असल्याने तेवढा काळ थांबून मग पुन्हा दिवस जाऊ द्यावेत, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

उपचार कोठे घ्यावेत?

या आजारात एका डॉक्टरने सर्व निर्णय घेणे पुरेसे नसते. कर्करोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी एकाच कॅलेंडरवर काम करावे लागते. कर्करोग रुग्णालयांत प्रसूती विभाग असतोच असे नाही आणि प्रसूतिगृहांत केमोथेरपीची सोय नसते. मुंबईत परळ भागात १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय, १९२६ पासूनचे केईएम आणि त्याच वर्षी सुरू झालेले नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. इतर शहरांत अशी सोय मिळेलच असे नाही. तेथे दोन रुग्णालयांतील डॉक्टरांनी परस्परांशी थेट बोलणे आणि दोन्हीकडची कागदपत्रे रुग्णाजवळ असणे महत्त्वाचे ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे निदान होताच चौकशी करावी.

गर्भारपण आहे म्हणून तपासणी टाळायची आणि कर्करोग आहे म्हणून गर्भारपणाची आशा सोडायची, या दोन्ही प्रतिक्रिया भीतीतून येतात. दोन्हींमुळे नुकसान होते ते वेळेचे. या आजारात आईच्या आणि बाळाच्याही हिताचा निर्णय घेण्यासाठी सर्वाधिक उपयोग त्या वेळेचाच असतो.

हे लक्षात ठेवा

- मान, काख किंवा जांघेतील न दुखणारी गाठ दोन आठवड्यांनंतरही कायम असेल, तर गर्भारपण असले तरी ती डॉक्टरांना दाखवा.
- गाठीबरोबर ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, अंगभर खाज किंवा झोपल्यावर वाढणारी धाप असेल, तर थांबू नका.
- क्षयाचे उपचार सुरू करण्यापूर्वी गाठीची तपासणी झाली आहे का, हे विचारा. उपचार सुरू असूनही गाठ वाढत असेल, तर बायॉप्सीचा आग्रह धरा.
- निदानापूर्वी स्टिरॉइड घेऊ नका.
- प्रसूतीसाठी माहेरी जाताना सर्व अहवाल, बायॉप्सीची काच व ब्लॉक यांची माहिती आणि दोन्ही डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक सोबत ठेवा.
- आईला कोणती औषधे दिली गेली याची नोंद बाळाच्या फाइलमध्येही करून घ्या. लसीकरणाच्या वेळी ती दाखवा.
- केमोथेरपी सुरू असताना ताप आला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.